शेड बुके भंगारात जाण्याआधी : स्कॉटलंडमधल्या एका रंगाऱ्यांच्या गावाची गोष्ट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वागळे इस्टेट, कोलशेत, माजिवडा या भागांतल्या बंद कारखान्यांच्या जमिनींवर उभ्या राहणाऱ्या इमारतींबद्दल आपल्या अंकात अधूनमधून येत असते. मी ते वाचतो. इमारतींवर माझा राग नाही, लोकांना राहायला घरे लागतातच. इमारत उभी राहण्याआधी आतून टेम्पो भरभरून जे बाहेर जाते, म्हणजे शेड बुके (रंगांच्या नमुन्यांच्या वह्या) आणि जुनी कागदपत्रे, त्याबद्दल मला लिहायचे आहे.

मी 1975 ते 2006 ठाण्यातल्या एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवून देणाऱ्या कारखान्याच्या, रंगखात्यात होतो. हेल्पर म्हणून लागलो आणि शेड मॅचिंगच्या टेबलावरून घरी आलो. म्हणजे गिऱ्हाईक बोटाएवढी चिंधी पाठवायचा आणि तोच रंग हजार मीटरवर उतरवून द्यायची जबाबदारी माझी. सुती कापडावरचा लाल रंग आम्ही बहुतेक नॅप्थॉल या रसायनावर काढायचो. नॅप्थॉलची पूड आधी टी.आर. ऑइलमध्ये कालवायची, मग कॉस्टिक, मग उकळते पाणी. दुसऱ्या टबात बेस, म्हणजे नॅप्थॉलशी मिळून रंग तयार करणारे दुसरे रसायन, त्यात बर्फाच्या लाद्या फोडून टाकायच्या. कापड एका टबातून निघून दुसऱ्यात शिरले की डोळ्यांदेखत लाल होत जायचे. एकतीस वर्षे पाहिले, पण त्या क्षणी हातातले काम थांबवून बघावेसे वाटायचेच.

टी.आर. ऑइल म्हणजे टर्की रेड ऑइल. एरंडेलावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून ते बनते. आमच्या खात्यात त्याचे पिंप कायम उघडे असायचे. त्याला टर्की रेड का म्हणतात, हे ना आम्ही कधी विचारले, ना कोणी सांगितले. याचे उत्तर मला वयाच्या पासष्टीत स्कॉटलंडमधल्या एका लहानशा गावात मिळाले.

माझी मुलगी आणि जावई ग्लासगोच्या पश्चिमेला डंबार्टन गावाजवळ राहतात. 2019 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे तिच्याकडे तीन महिने होतो. तिथून बॅलॉखकडे जाणारी छोटी गाडी रेंटन, अलेक्झांड्रिया अशी स्टेशने घेत जाते. लॉख लोमंड या मोठ्या सरोवरातून लीव्हन नदी निघते आणि जेमतेम दहा किलोमीटर धावून डंबार्टनला क्लाइड नदीला मिळते. या नदीकाठी बॅलॉख, जेम्सटाउन, बॉनहिल, अलेक्झांड्रिया, रेंटन अशी गावे आहेत. सगळी मिळून व्हेल ऑफ लीव्हन, म्हणजे लीव्हनचे खोरे. तिथले लोक नुसते 'द व्हेल' म्हणतात, जसे आपण पूर्वी लालबाग-परळला गिरणगाव म्हणायचो.

पाहुणे सरोवर बघायला येतात आणि या गावांतून न उतरता पुढे जातात. आम्हीही पहिल्यांदा तेच केले. दुसऱ्या खेपेला मुलगी म्हणाली, "बाबा, इथे पूर्वी कापड रंगवायचे म्हणे. तुम्हाला बघायचं असेल." मी लगेच उतरलो.

आता मी जे लिहितो आहे ते तिथल्या ग्रंथालयातल्या माहितीवरून, मुलीने वाचून दाखवलेल्या पुस्तकांवरून आणि तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकलेले आहे.

टर्की रेड हा रंग तुर्कस्तानच्या बाजूचा. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीतून, सुतावर पक्का बसणारा झळझळीत लाल काढायची युक्ती तिकडच्या रंगाऱ्यांकडे होती. ती आधी फ्रान्समध्ये गेली. 1785 च्या सुमारास पापियाँ नावाच्या फ्रेंच रंगाऱ्याला जॉर्ज मॅकिंटॉश आणि डेव्हिड डेल या दोन ग्लासगोकरांनी आणून डालमार्नॉकला कारखाना काढला. लीव्हनच्या काठी तेव्हा कापड शुभ्र करायचे कारखाने होतेच. पुढे एकोणिसाव्या शतकात हा लाल रंग तिथे आला आणि त्या खोऱ्याचे नावच त्या रंगाशी जोडले गेले.

त्याच नदीकाठी का, हे रंगखात्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पाणी! सरोवरातून येणारे, बारमाही, स्वच्छ आणि मऊ, म्हणजे चुन्यासारखे क्षार कमी असलेले. आमच्याकडे कडक पाण्यासाठी मिठावर चालणारा सॉफ्टनर होता, तो बंद पडला की साबणाला फेस यायचा नाही आणि कापडावर डाग यायचे. त्यांना मऊ पाणी देवाने दिले होते. गंमत अशी की या लाल रंगाला थोडा चुना लागतोच, नाहीतर रंग खुलत नाही. म्हणून ते लोक धुवायला मऊ पाणी वापरायचे आणि रंगाच्या टबात मात्र मोजून खडूची पूड घालायचे. हे वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि बायकोला बोलावून सांगितले. तिला त्यात विशेष वाटले नाही. माझ्या खात्यातला कोणीही असता तर त्याला वाटले असते.

रंगवायची पद्धत ऐकण्यासारखी आहे. कापड आधी खवट झालेल्या ऑलिव्ह तेलात आणि सोड्यात बुडवायचे, पिळायचे, वाळवायचे, पुन्हा बुडवायचे. सुरुवातीच्या काळात त्यात मेंढ्यांच्या लेंड्या घालत. मग तुरटी. मग मंजिष्ठेची मुळी, खडू आणि बैलाचे रक्त घालून उकळी. शेवटी साबणाच्या पाण्यात दाबाखाली उकळून जो मळकट तांबूसपणा असेल तो काढून टाकायचा. एका लॉटला कित्येक आठवडे जायचे. पण एकदा बसलेला रंग उन्हाला, धुण्याला, घामाला दाद देत नसे. 1868 साली दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी, ग्रेबे आणि लीबरमान यांनी, मंजिष्ठेतला रंग, अलिझारिन, प्रयोगशाळेत बनवून दाखवला आणि मुळी मागे पडली. ऑलिव्ह तेलाची जागा प्रक्रिया केलेल्या एरंडेलाने घेतली. हेच ते टर्की रेड ऑइल. ज्या नॅप्थॉलने पुढे टर्की रेडला बाजारातून उठवले, तेच नॅप्थॉल मी एकतीस वर्षे टर्की रेडच्या तेलात कालवत होतो.

हे सगळे लाल कापड जात कुठे होते? बरेचसे आपल्याकडे. मुंबई, कलकत्ता या त्यांच्या मोठ्या बाजारपेठा. लालावर ॲसिड छापून कापड ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातून काढले की तिथला रंग उडतो, मग त्या पांढऱ्यात पिवळा, निळा, हिरवा भरायचा. असे मोर, हत्ती, कोयऱ्या, वेलबुट्ट्या छापलेले कापड ते आपल्यासाठी काढायचे. आपल्या बांधणीचे ठिपके यंत्राने उतरवून त्याचे रुमाल विकायचे. बँडाना हा त्यांचा शब्दही आपल्या बांधण्यातूनच गेलेला.

लाल सुताच्या गठ्ठ्यांवर चित्रांची लेबले चिकटवलेली असत. गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नसे, तो चित्र बघून माल ओळखे. अलेक्झांड्रियाकडच्या ऑर ईविंग कंपनीचे लेबल दोन हत्तींचे होते आणि मुंबईच्या बाजारात ते सूत 'बे हाथी' या नावाने मागितले जायचे. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने दोन हत्तींचेच थोडे वेगळे लेबल काढले तेव्हा खटला झाला आणि तो थेट लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. 1882 साली निकाल ऑर ईविंगच्या बाजूने लागला, कारण मुंबई आणि एडनचा ग्राहक दोन हत्ती बघून फसला असता. आपल्या मूळजी जेठा मार्केटसारख्या ठिकाणी उभा असलेला एखादा अनामिक ग्राहक काय बघून माल घेतो, यावर विलायतेतल्या सर्वोच्च न्यायासनाने विचार केला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पण त्याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. माझे वडील सांगायचे, त्यांची आजी केशवपन झालेली, लाल आलवण नेसायची. आल नावाच्या झाडाच्या मुळीने रंगवलेले ते आलवण. पोथी बांधायचे बासन, गादीचा खारवा, वहीचे कापडी पुठ्ठे हे सगळे आपल्याकडचे रंगारी आलाच्या आणि मंजिष्ठेच्या मुळ्यांनी रंगवत. विलायती लाल कापड आणि नंतर डब्यातले अलिझारिन आले आणि आलाची शेती आणि ते रंगारी दोन्ही गेले. लीव्हनकाठच्या कारखान्यातल्या कामगार बाईला यात काही दोष देता येत नाही, तीही आठवड्याच्या पगारावर जगत होती. पण व्हेलची भरभराट आणि आपल्याकडच्या रंगाऱ्यांची परवड एकाच वेळी चालली होती, हे कुठेतरी लिहून राहिले पाहिजे.

त्या खोऱ्यात कामगारांमध्ये बायकांची संख्या मोठी होती. 1898 साली तिथल्या मोठ्या कंपन्या एकत्र येऊन युनायटेड टर्की रेड कंपनी झाली आणि मालक एकच उरला. 1911 च्या डिसेंबरात कामगारांनी संप केला, त्यात बायका पुढे होत्या. बायकांची वेगळी युनियन होती, नॅशनल फेडरेशन ऑफ विमेन वर्कर्स. ऐन थंडीत, ख्रिसमसच्या तोंडावर काम बंद! माझ्या वडिलांनी लालबागला 1982 चा संप पाहिला, पाहिला म्हणजे सोसला. त्यामुळे पगार बंद झालेल्या घरात पहिले काय कमी होते ते मला माहीत आहे. पुढे या खोऱ्याने कम्युनिस्ट नगरसेवक निवडून दिले आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'लिटल मॉस्को' म्हणायला सुरुवात केली.

स्वाभिमानी गाव. रेंटन हे एवढेसे खेडे, पण तिथल्या फुटबॉल संघाने 1885 आणि 1888 साली स्कॉटिश कप जिंकला आणि 1888 मध्ये इंग्लंडचा कपविजेता वेस्ट ब्रॉमविच अल्बियन 4-1 ने हरवून आपल्या मैदानावर 'चॅम्पियन्स ऑफ द वर्ल्ड' अशी पाटी लावली. शेजारच्या व्हेल ऑफ लीव्हन संघाने त्याआधी 1877, 1878, 1879 असा सलग तीन वर्षे कप आणला होता.

अलेक्झांड्रियात लाल दगडाची एक लांबलचक, घुमटवाली इमारत आहे. मला वाटले जुना राजवाडा. तो निघाला आर्गाइल मोटारींचा कारखाना, 1906 साली उघडलेला. आठ वर्षांत तो बंद पडला, मग तिथे आरमारासाठी टॉर्पेडो बनू लागले. आता आत दुकाने आहेत. दर्शनी भिंत मात्र तशीच ठेवली आहे.

रंगाचे कारखाने का बंद पडले याची कारणे तिथे आणि इथे पाहिली की चित्र पुरे होते. आपल्याकडे गिरण्या वाढल्या. 1917 साली विलायती कापडावरची आयात जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्के झाली. मग जपानचा माल, स्वदेशीची चळवळ आणि स्वस्त नवे रंग. शेवटचे टर्की रेडचे काम 1960 च्या सुमारास थांबले. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धानंतर, तिथे सरकारने स्ट्रॅथलीव्हन इंडस्ट्रियल इस्टेट वसवली, गजराची घड्याळे, हिशेबाची यंत्रे वगैरे. आपली वागळे इस्टेट 1962 ची. म्हणजे लीव्हनकाठी जे आवरत होते, तेच आपल्याकडे मांडले जात होते. आता आपलेही आवरते आहे.

अलेक्झांड्रियाच्या क्रिस्टी पार्कमध्ये बाकावर एक वृद्ध बाई भेटल्या. मी रंगखात्यात होतो असे मुलीने सांगितल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. त्यांची आई कारखान्यात होती, त्या स्वतः पंधराव्या वर्षी लागल्या होत्या. म्हणाल्या, आज काय रंगवायला घेतले आहे ते आम्हाला नदीकडे बघून कळायचे. मी म्हटले, आमच्याकडेही नाल्याकडे बघून कळायचे. हे सांगताना मला वाईट वाटले आणि आजही वाटते. आमचे पाणी खाडीत जायचे. चेंदणीच्या कोळी बांधवांनी त्यावर किती तक्रारी केल्या, मासळी कशी गेली, हे मी कोपरीत राहून पाहिले आहे. आम्ही खात्यातली माणसे तेव्हा गप्प बसलो, कारण नोकरी होती. कारखान्यांची आठवण ठेवायची असेल तर हीही ठेवली पाहिजे.

आता मूळ मुद्दा. व्हेलमध्ये कारखाने उरले नाहीत, पण युनायटेड टर्की रेड कंपनीची नमुन्यांची बुके उरली आहेत. सुमारे 200 मोठे खंड, त्यांत चाळीसएक हजार कापडाचे तुकडे चिकटवलेले. कंपनी बंद होताना ती जाळली नाहीत की विकली नाहीत. आज ती एडिंबरोला राष्ट्रीय संग्रहालयात आहेत आणि अभ्यास करणारे लोक ती उघडून बघतात. काही नमुन्यांची छायाचित्रे संग्रहालयाने इंटरनेटवर ठेवली आहेत. मुलीने रात्री संगणकावर ती लावून दिली. लालभडक जमिनीवर पिवळा-निळा मोर, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा. रंग उतरलेला नाही. माझ्या पणजीच्या वयाच्या कोणीतरी बाईने डोंबिवली-कल्याणकडच्या बाजारात हेच कापड हातात घेऊन पाहिले असेल, असे मनात आले आणि मी बराच वेळ काही बोललो नाही.

कारण मला आमचे 2006 आठवले. आमचे प्रोसेस हाऊस बंद झाले तेव्हा शेवटच्या आठवड्यात हिशेब घ्यायला गेलो होतो. अंगणात टेम्पो उभा होता. त्यात शेड बुके भरत होते, पोत्यांत कोंबून. 1960 च्या दशकापासूनची बुके. प्रत्येक पानावर चिंधी, शेजारी रंगाची टक्केवारी, मिठाचे वजन, तापमान, वेळ, तारीख आणि ज्याने शेड काढली त्याची सही. माझ्या आधीच्या दोन मास्तरांच्या सह्या त्यांत होत्या. भंगारवाला म्हणाला, कागद आणि चिंधी वेगळी करावी लागेल, म्हणून भाव कमी. मी विनंती केली तेव्हा हाताला लागतील तेवढी घेऊन जा म्हणाला. मला पाच उचलता आली. बाकी सगळी भिवंडीकडे गेली.

दर वर्षी 16 एप्रिलला आपण 1853 ची बोरीबंदर-ठाणे पहिली आगगाडी आठवतो. अवश्य आठवावी. पण ठाण्याला गेल्या शंभर वर्षांत ज्यांनी पोसले त्या कारखान्यांचे भोंगे आता ज्यांच्या कानात उरले आहेत ती माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. लोकरीची गिरणी या शहरात 1925 साली आली. वागळे इस्टेटमध्ये काय नाही बनले! यंत्रे, औषधे, बिस्किटे, रंग. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनांच्या कारखान्यांची रांग होती. त्यातले काय आपण जपून ठेवले आहे? मला तरी एखादी चिमणी आणि काही चौकांची, बसथांब्यांची नावे यापलीकडे दिसत नाही.

मला स्मारक नको, पुतळा नको. एक कोरडी, वाळवी न लागणारी खोली हवी आहे. तिथे शेड बुके, हजेरीपट, पगाराच्या पावत्या, कामगार संघटनांची पत्रके, यंत्रांची माहितीपुस्तके, खात्यातल्या निरोप समारंभाचे फोटो, कोळीवाड्याने केलेल्या तक्रारींच्या प्रती, जे मिळेल ते नोंद करून ठेवावे. हे आपल्याला येत नाही असे नाही. मराठी ग्रंथ संग्रहालय याच ठाण्यात 1893 पासून उभे आहे आणि ते इथल्या लोकांनीच उभे केले. महापालिकेला एक साधी गोष्ट करता येईल: कारखान्याच्या जमिनीवर बांधकामाची परवानगी देताना, आतली कागदपत्रे आणि नमुने आधी शहराला दाखवावेत अशी अट घालावी. बिल्डरला त्याचा खर्च येत नाही. भंगारवाल्याला जे मिळते ते फार तर महापालिकेने द्यावे.

आणि घाई आहे. बुक नुसते राहून उपयोग नाही, ते वाचता येणारा माणूस लागतो. आमच्या पानांवर 'टी.आर. 2', 'बर्फ 3 लादी', 'सोपिंग डबल' असे लिहिलेले आहे. कारखान्यात न गेलेल्या मुलाला त्यातून काय समजणार? आमच्या खात्यातले आम्ही अकरा जण दिवाळीला भेटायचो, या वर्षी सहा होतो.

आपण आपल्या वाचकांना आवाहन करावे, ही माझी विनंती. ज्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत, पलंगाखाली कारखान्याचे असे काही पडले असेल त्यांनी ते रद्दीत घालू नये. आपल्या कार्यालयात नुसती नावांची यादी झाली तरी ती घेऊन महापालिकेकडे आणि ग्रंथालयांकडे जाता येईल. जायला मी येईन.

माझी पाच बुके मी द्यायला तयार आहे. त्यांतल्या 1983 च्या बुकात 212 नंबरची लाल शेड माझ्या अक्षरात आहे. तिची चिंधी खिडकीपाशी ठेवून पाहिली, अजून लाल आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते बारा मी कुठेही येऊन बसेन आणि जो विचारेल त्याला पान वाचून दाखवीन. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, तेव्हा खोली तळमजल्यावर असली तर बरे होईल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
रंगखात्यातला एक निवृत्त कामगार,
कोपरी, ठाणे (पूर्व)